मानेची कौले

चिंचा झोडपायचे आणि आंबे उतरवायचे दिवस आले की गावोगाव एक बातमी हमखास कानावर येते : अमक्याचा मुलगा झाडावरून पडला. कुणाचा हात मोडतो, कुणाचा पाय. मोडलेले हाड प्लॅस्टरात घातले की दोन-तीन महिन्यांत माणूस पुन्हा औताला लागतो. पण एखादा मानेवर पडतो आणि त्याची गोष्ट निराळीच होते. काही वेळा हाड एकही मोडलेले नसते, अंगावर फारसे खरचटलेलेही नसते, तरी हातपाय हलत नाहीत. मग कुणी म्हणते धसका घेतला, कुणी म्हणते बाहेरचे लागले. तसे काही नसते. मानेतला एक सांधा आपली जागा सोडून पुढे सरकलेला असतो आणि त्याने आतली नाजूक दोरी दाबून धरलेली असते. हा सांधा कसा असतो, तो का सरकतो आणि सरकल्यावर पहिल्या अर्ध्या तासात आपण काय करायचे व काय मुळीच करायचे नाही, ते आज पाहू. जरा सबुरीने वाचा. सांध्याची घडण एकदा डोळ्यांपुढे आली की पुढच्या सूचना पाठ करण्याची गरज उरत नाही.

माणसाच्या मानेत सात मणके असतात. तुमच्या बैलाच्या मानेतही सातच, शेळीच्या मानेत सात आणि उंच जिराफाच्या मानेतही सातच. लांबी वाढते, संख्या वाढत नाही. या सात मणक्यांवर चार-पाच किलोचे डोके तोललेले असते. आणि ते नुसते तोलून चालत नाही. डोके खाली-वर झाले पाहिजे, डावीकडे-उजवीकडे वळले पाहिजे, कानाकडे झुकले पाहिजे. नांगर धरणारा माणूस मागे वळून तास सरळ पडला की नाही हे पाहतो, ते या मणक्यांच्या जिवावर. कण्याच्या दुसऱ्या कोणत्याही भागाला इतकी मोकळीक नाही, आणि ही मोकळीकच मानेचे दुबळेपण आहे.

वरचे दोन मणके इतरांहून वेगळे. पहिला म्हणजे नुसते कडे. त्यावर कवटी टेकते आणि आपण 'हो' म्हणून मान हलवतो ती हालचाल मुख्यतः तिथे होते. दुसऱ्या मणक्यातून हाडाचा एक सुळका वर निघतो आणि पहिल्याच्या कड्यात शिरतो. जात्याची तळी आणि तिच्या मधोमधची खीळ आठवा. वरची पाळ त्या खिळीभोवती फिरते, तसे पहिले कडे डोक्यासकट या सुळक्याभोवती फिरते. 'नाही' म्हणताना मान जेवढी वळते तिच्यातला जवळजवळ निम्मा भाग या एका जोडातला. सुळका मागे सरकू नये म्हणून त्याला एका चिवट आडव्या पट्ट्याने कड्याच्या पुढच्या बाजूशी बांधून ठेवलेले असते. कड्याच्या पोकळीचा ढोबळ हिशेब असा की एक तृतीयांश जागा सुळक्याची, एक तृतीयांश दोरीची आणि एक तृतीयांश मोकळी. ही मोकळी जागा निसर्गाने ठेवली म्हणून तिथली थोडी सरकासरकी कधीकधी निभावून जाते. पण तिथेच दोरी पुरती चेपली तर श्वास थांबतो आणि माणूस जागच्या जागी जातो.

आता खालचे पाच मणके, तिसरा ते सातवा. आपला आजचा विषय मुख्यतः यांचाच. ज्यांच्या घरी मटण शिजते त्यांनी मानेचे हाड ताटात आले की ते एकदा धुऊन नीट पाहावे. पुढे एक भरीव ठोकळा, त्याच्या मागे हाडाची कमान, कमानीतून आरपार भोक आणि कमानीच्या दोन्ही अंगांना तिरप्या, लंबगोल, काचेसारख्या गुळगुळीत चकत्या दिसतील. माणसाचीही घडण याच जातीची. एका ठोकळ्यावर दुसरा ठोकळा, मध्ये चिवट गादी. मागच्या बाजूला वरच्या मणक्याच्या चकत्या खालच्या मणक्याच्या चकत्यांवर येऊन टेकतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. म्हणजे दोन मणक्यांचा जोड तीन ठिकाणी असतो, तिवईचे तीन पाय असावेत तसा. चकत्यांच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते आणि आत वंगणासारखे थोडे पाणी. ही पिशवी सैलसर असते, कारण ती घट्ट असती तर चकत्या एकमेकींवरून घसरल्याच नसत्या.

या चकत्या कशा बसवल्या आहेत हे समजण्यासाठी घराच्या कौलांकडे पाहा. छपराचा उतार पाठीकडे आहे असे समजा. वरचे कौल खालच्या कौलावर बाहेरून येते, म्हणजे मानेत मागून येते. उतार सुमारे ४५ अंशांचा, ना उभा ना आडवा. मान खाली घातली की प्रत्येक वरचे कौल खालच्या कौलावरून थोडे वर आणि पुढे घसरते. मान सरळ केली की पुन्हा खाली येऊन बसते. हे तुम्हाला आत्ता पडताळता येईल. मानेच्या मागे, मधोमध, खांद्याच्या पातळीला जे टेंगूळ हाताला लागते तो बहुधा सातवा मणका. त्याच्यावर एक बोट आणि जरा वर दुसरे बोट ठेवून हळूच हनुवटी छातीला लावा. दोन्ही बोटे एकमेकांपासून दूर गेलेली कळतील.

पाठीत आणि कमरेत अशी व्यवस्था नाही. पाठीच्या मणक्यांना बरगड्यांनी दोन्हीकडून जखडलेले असते. कमरेतल्या चकत्या जवळजवळ उभ्या असतात आणि एकमेकींत अशा अडकतात की बहुधा हाड मोडल्याशिवाय सांधा निसटतच नाही. मानेत मात्र नुसता उतार. कौलाला खिळा नाही, खोबण नाही. त्याला जागेवर ठेवतात ती सांध्याची पिशवी, मणक्यांच्या मागचे चिवट पट्टे, मधली गादी आणि मानेचे स्नायू. हे सारे मऊ भाग फाटले की हाड न मोडताही कौल सरकू शकते.

सरकते कसे? माणूस डोक्याच्या मागच्या बाजूवर पडला, किंवा मागून जोराचा धक्का बसून हनुवटी छातीवर आपटली, की वरच्या मणक्याची चकती नेहमीच्या घसरणीपुरती थांबत नाही. मागचे पट्टे फाटतात, पिशवी फाटते, चकती खालच्या चकतीच्या टोकापर्यंत चढते आणि टोक ओलांडून पलीकडे, पुढच्या बाजूला, जाऊन पडते. वरचे कौल खालच्या कौलाच्या आत गेले! वानरे छपरावर नाचून गेली की कौले अशीच एकमेकांच्या आत गेलेली सापडतात. आणि एकदा तिथे गेली की आपण होऊन परत येत नाहीत. दुखण्याने स्नायू आवळतात आणि अडकलेले आणखी घट्ट होते.

धक्क्याबरोबर मानेला पीळही बसला असेल तर एकाच बाजूचे कौल सरकते. मग वरचा ठोकळा खालच्या ठोकळ्यावर साधारण पाव भाग पुढे येतो आणि तोंड दुसऱ्या बाजूला वळून तसेच राहते. डावीकडचे सरकले तर तोंड उजवीकडे. दोन्ही बाजूंची सरकली तर ठोकळा निम्मा किंवा त्याहूनही जास्त पुढे येतो. पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमध्ये हे जास्त घडते.

आता त्या कमानीतल्या भोकाकडे या. सगळ्या मणक्यांची भोके एकाखाली एक येऊन नळी तयार होते आणि तिच्यातून मेंदूपासून निघालेली मज्जारज्जू नावाची मऊ दोरी खाली जाते. जाडी करंगळीएवढी. हातपाय हलवण्याचे हुकूम तिच्यातून खाली जातात आणि स्पर्श, वेदना, गार-गरम यांच्या खबरा तिच्यातून वर येतात. एक ठोकळा निम्मा पुढे सरकला म्हणजे ही नळी कात्रीत सापडल्यासारखी होते. विहिरीवरच्या पाइपाला मध्येच घडी पडली तर पाणी अडते, पण घडी काढली की पाणी पुन्हा वाहते. मज्जारज्जूचे तसे नाही. ती किती चेपली आणि किती वेळ चेपून राहिली, यावर ती पुन्हा काम करील की नाही ते ठरते.

पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये दोरी चेपली तर माणूस बहुधा खांदे उचलू शकतो, कोपर वाकवू शकतो, पण मूठ वळत नाही, पाय हलत नाहीत, छातीखाली चिमटा काढलेला कळत नाही, लघवी तुंबते. श्वास चालू असतो, कारण छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा स्नायू ज्या नसांवर चालतो त्या त्याच्या वरून, तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघतात. मात्र बरगड्यांचे स्नायू बंद पडलेले असतात. पडलेल्या माणसाची छाती हलत नाही, नुसते पोट खाली-वर होते आहे, असे दिसले तर मानेचा मार समजावा. ही खूण घरातल्या बायकांनीही लक्षात ठेवावी. पुरुषमाणसे आरडाओरड्यात असतात. नीट पाहणारे डोळे बहुधा त्यांचेच.

हे कशाकशाने होते ते तुम्हाला माहीत आहे, फक्त एकत्र मांडतो. झाडावरून, माडावरून, गंजीवरून, भरलेल्या ट्रॉलीवरून पडणे. ट्रॅक्टर बांधावरून उलटणे. मोटारसायकलचा अपघात. तालमीत मानेवर आदळणे. दहीहंडीच्या थरातून कोसळणे. डोक्यावर गवताचा भारा किंवा हंडे घेऊन निसरड्यावरून घसरणे. यात ओझे सावरण्याच्या नादात मान वाकते आणि सारा भार तिच्यावर येतो. घसरलात तर ओझे सोडून द्या. हंडा पोचला तरी चालेल. आणि उन्हाळ्यातली विहीर! पावसाळ्यात जिथे तीन पुरुष पाणी होते तिथे चैत्रात कंबरभर उरलेले असते. गतवर्षीच्या आठवणीने पोरगा काठावरून सूर मारतो, डोके तळाला लागते आणि मणका चेपतो किंवा सांधा सरकतो. आधी उतरून पाणी पाहावे, आणि पाहिल्यावरही सूर मारू नये, पायांवर उडी घ्यावी.

जाता जाता एक सांगतो. दाढीनंतर मान धरून कडकन मोडून घेण्याची हौस पुष्कळांना असते. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या याच मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून वर जातात. झटक्याच्या पिळाने त्यांना इजा होऊ शकते. डोक्याला तेल चोळून घ्या, मान मात्र त्यांच्या हातात देऊ नका.

माणसाला हे दुखणे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास इजिप्तमध्ये लिहिलेली वैद्यकाची एक गुंडाळी १८६२ साली एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने लक्सर गावी विकत घेतली. जेम्स ब्रेस्टेड या पंडिताने तिचे भाषांतर १९३० साली प्रसिद्ध केले. तिच्यात जखमा आणि इजा यांची ४८ प्रकरणे आहेत. एका प्रकरणात मानेचा मणका निसटलेला माणूस आहे. त्याला आपले हात-पाय कळत नाहीत, लघवी ताब्यात नाही. त्याच्यावर वैद्याचा निकाल असा की यावर इलाज करू नये. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वैद्याने लक्षणे अचूक टिपली होती. त्याच्या हाती उपाय नव्हता, एवढेच. आज उपाय आहे, पण रोगी उपायापर्यंत धड पोहोचला पाहिजे, आणि तिथेच आपले घोडे पेंड खाते.

माणूस पडला की चौघे धावतात. दोघे बगलेत हात घालून त्याला बसते करतात. तिसरा मान धरून हलवतो, चौथा पाणी पाजतो, कुणी कांदा हुंगवतो. मग घोंगडीची झोळी करून त्याला जीपकडे पळवतात. यातला प्रत्येक उपाय दयेपोटी केलेला आणि प्रत्येक उपाय घातक. बसते केले की चार-पाच किलोचे डोके फाटक्या पट्ट्यांवर पुढे झुकते आणि अर्धवट सरकलेले कौल पुरते सरकते. झोळीत तर मान वाकल्याशिवाय राहतच नाही. पडताना ज्याचे पाय हलत होते आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत हलेनासे झाले, अशांपैकी काहींना मार झाडाने दिलेला नसतो, उचलण्याने दिलेला असतो.

म्हणून असे करा. विजेची तार, आग, पाणी, उलटू पाहणारे वाहन असे संकट नसेल तर त्याला जागचे हलवू नका. एकाने डोक्याशी गुडघे टेकून बसावे आणि दोन्ही हातांनी डोके दोन्ही बाजूंनी धरावे. ओढायचे नाही, वळवायचे नाही, नुसते धरायचे. मान वाकडी अडकलेली असेल तर सरळ करायला जाऊ नका, आहे तशी धरा. शुद्धीवर असेल तर त्याला सांगा, 'मान हलवू नको, आम्ही आहोत.' मग विचारा, हाताला मुंग्या येतात का, पायाची बोटे हलतात का. उत्तर लक्षात ठेवा, डॉक्टर तेच पहिल्यांदा विचारतील. दुसऱ्याने १०८ क्रमांक फिरवावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ सालापासून आहे. पाणी, चहा, काहीही पाजू नका. खोकल्याची ताकद गेलेली असते, घोट श्वासनळीत जातो.

रुग्णवाहिका येण्याजोगी नसेल आणि न्यावेच लागले तर दाराची फळी किंवा जाड सपाट पाट आणा. नुसती बाज चालणार नाही, सुंभ सैल असते. बाजेवर फळी टाकली तर चालेल. चार-पाच माणसे लागतात. एक डोक्याशी, बाकीचे एका अंगाला ओळीने खांदा, कंबर, पाय धरून. डोके धरणाऱ्याने हुकूम द्यायचा आणि बाकीच्यांनी तो ऐकायचा, तिथे सरपंचाचेही चालायचे नाही. ओंडका लोळवावा तसे सारे अंग एकदम, एका रेषेत कुशीला वळवायचे, मागून फळी सरकवायची, तसेच एकदम परत उताणे करायचे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना माती किंवा धान्य भरलेल्या पिशव्या लावा आणि कपाळावरून धोतराचा पट्टा घेऊन फळीला बांधा. जाड उशी नको. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, म्हणून त्याच्या खांद्या-पाठीखाली दुमडलेली चादर घाला. वांती झाली तर सगळे मिळून फळीसकट कुशीला करा. विहिरीतून काढताना एका हाताने ओढू नका. पाण्यावरच उताणे करून, मान आणि पाठ एका रेषेत धरून, तरंगत ठेवा आणि फळी खाली घालूनच वर घ्या. श्वासच थांबला असेल तर मात्र मानेचा विचार दुसरा, श्वास पहिला. तेव्हाही डोके मागे न ढकलता खालचा जबडा दोन्ही हातांनी पुढे ओढावा.

हाडवैद्याकडे नेऊ नका. मनगट, घोटा बसवणारे काही जण कुशल असतील, पण मानेचे कौल झटक्याने बसवायला जाणे म्हणजे आतल्या दोरीशी जुगार आहे. दवाखान्यातही हे काम आधी चित्रे काढून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बेताबेताने होते. कवटीला दोन्ही बाजूंनी चिमटा लावून त्याला वजन बांधायचे, थोडेथोडे वाढवायचे, दर वेळी एक्स-रे आणि हातापायांची तपासणी करायची, हा मार्ग क्रचफील्ड या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९३३ साली रूढ केला. ताणाने कौल टोकापर्यंत वर येते आणि मग जागेवर बसते. फाटलेले पट्टे मात्र पूर्वीसारखे भरवशाचे जुळत नाहीत, म्हणून पुढे बहुधा शस्त्रक्रिया करून ते दोन मणके पट्टी-स्क्रूने एकत्र जखडतात. मान थोडी कमी वळते, बाकी व्यवहार चालतो.

एक गोष्ट तुम्ही स्वतः विचारायची. मानेच्या साध्या एक्स-रेत खांद्यांची सावली सहाव्या-सातव्या मणक्यांवर येते आणि नेमका सरकलेला सांधाच झाकला जातो. तेव्हा 'डॉक्टरसाहेब, सातवा मणका आणि त्याच्या खालचा जोड दिसला का?' एवढे नम्रपणे विचारा. दिसला नसेल तर सीटी स्कॅन करतात. एकाच बाजूचे कौल सरकलेला माणूस चालत दवाखान्यात येतो आणि 'मान अवघडली' म्हणून मलम घेऊन परत जातो, असे घडते. पडल्यानंतर मान एका अंगाला वळून राहिली, किंवा एका हातात कळ आणि मुंग्या येऊ लागल्या, तर चार दिवस शेक घेत बसू नका.

आणि दोरीला इजा झालीच असेल तर? दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे रोगी बहुतेक मरत, ते मानेच्या माराने नव्हे. पाठीला पडलेल्या जखमा आणि तुंबलेली लघवी यांनी. इंग्लंडात स्टोक मँडविल येथे लुडविग गुटमन या डॉक्टरांनी १९४४ साली अशा रोग्यांचा वेगळा विभाग सुरू केला आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलण्याचा नियम घातला. माणसे जगू लागली, इतकेच नव्हे तर १९४८ साली त्यांच्या खेळांच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्यांतूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडलबर्गला पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले.

तेव्हा घरी आणलेल्या रोग्याची कूस रात्रीही दर दोन तासांनी बदला, घड्याळ लावून, आळीपाळीने. एकट्या सुनेवर सोडू नका. अंथरुणाला सुरकुती, ओल, खाली राहिलेले शेंगेचे टरफल काही चालायचे नाही, कारण त्याला टोचलेले कळत नाही. माकडहाड, टाचा, ढोपरे रोज उजेडात पाहा. लाल झालेली जागा दाबून पांढरी होत नसेल तर तिथे जखम सुरू झाली आहे. त्या अंगावर त्याला निजवू नका आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गरम पाण्याची पिशवी त्याच्या पायांना लावू नका, भाजले तरी तो ओरडणार नाही. बोटे, मनगटे, गुडघे दिवसातून दोनदा हळूहळू हलवून द्या, म्हणजे ती आखडणार नाहीत. लघवीच्या नळीची निगा दवाखान्यातून निघण्यापूर्वी परिचारिकेकडून स्वतःच्या हाताने करून शिकून घ्या, आणि घरातल्या दोघांनी तरी शिका.